घाट, डबडं आणि धर्मादाय

इंग्लंडातल्या काही खात्यापित्या घरच्या रिकामटेकड्यांनी २००३ च्या सुमाराला एक टूम काढली. पॅरिस-डकार ही बड्या लोकांची शर्यत तेव्हा जोरात होती. तिची टिंगल म्हणून यांनी प्लिमथहून निघायचं आणि आफ्रिकेच्या पश्चिम काठानं खाली उतरायचं ठरवलं. अट अशी, की गाडी शंभर पौंडांहून महाग नको आणि निघण्यापूर्वी तिच्या डागडुजीवर पंधरा पौंडांहून जास्त खर्च करायचा नाही. गाम्बियातल्या बांजुलला पोचलं की गाडीचा लिलाव करायचा, आलेले पैसे तिथल्या संस्थांना द्यायचे आणि विमानानं घरी यायचं.

आमच्या आदिलाबादेत एका गॅरेजबाहेर एक बाक आहे. जिल्ह्यातले सगळे प्रश्न तिथंच सुटतात. तिथं मी ही हकिकत सांगितली. उस्ताद एका जीपखाली आडवे होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "पंधरा पौंड म्हंजे किती झाले, भाऊ?"

"दीड हजाराच्या वर. सतराशे धरा."

जीपखाली थोडा वेळ काहीच हललं नाही. मग आवाज आला, "सतराशेमध्ये तर मी गाडी काश्मीरला पाठवतो. अन् दोनशे वापस."

बाकावर एक मास्तर बसले होते. त्यांना बक्षिसाची चौकशी करायची होती. म्हटलं, "मास्तर, बक्षीस नाही. ती शर्यतच नाही. उलट जाणाऱ्यानंच धर्मादायाला वर्गणी द्यायची."

"म्हणजे गाडी आपली, पेट्रोल आपलं, हाडं आपली, अन् वर्गणीपण आपलीच?"

"हो."

मास्तरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "मग त्यांच्यावर जबरदस्ती कोण करतं?"

पुढच्याच वर्षी, २००४ साली, मंगोल रॅली सुरू झाली. युरोपातून थेट मंगोलियाच्या दिशेनं, सोळा हजार किलोमीटरच्या आसपास. इंजिन एक लिटरच्या आतलं, मागे मदतीची गाडी नाही, ठरलेला मार्ग नाही, आणि प्रत्येक चमूनं निदान हजार पौंड धर्मादायासाठी गोळा करायचे. यातले काही हौशी ताजिकिस्तानात पामीरच्या रस्त्याला लागतात आणि ४,६५५ मीटरवरच्या अक-बैताल खिंडीत जातात. तिथं हवा इतकी विरळ की माणसाला आणि इंजिनाला एकदमच धाप लागते. २००६ पासून त्याच आयोजकांनी आपल्याकडे रिक्षा आणली. परदेशी पाहुण्यांनी रंगवलेली रिक्षा घ्यायची आणि तीन चाकांवर भारत उभा-आडवा ओलांडायचा. पाहुण्यांचे फोटो छापून येतात. हेच काम रोज करणाऱ्या आपल्या रिक्षावाल्याला आजवर कुणी हार घातलेला नाही.

या उपक्रमांवर माझा राग नाही. हौस आहे, पैसा आहे, आणि चार पैसे चांगल्या कामाला जातात. माझी तक्रार फक्त हिशेबाबद्दल आहे. ही मंडळी दान द्यायला निघालो असं म्हणतात. अहो, मोडकी गाडी घेऊन घाटात शिरलेला माणूस दान घ्यायला निघालेला असतो. देणारे सगळे रस्त्याच्या कडेला उभे असतात. पाणी ते देतात, धक्का ते देतात, सुतळी ते देतात. आणि या विषयावर बोलायचा अधिकार आदिलाबादकराला जितका आहे तितका प्लिमथकराला असूच शकत नाही.

ज्यांनी आमचा जिल्हा नागपूर-हैदराबाद प्रवासात खिडकीतूनच पाहिलाय त्यांच्यासाठी सांगतो. पैनगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र संपतो, मराठी संपत नाही. कापसाची शेतं, सागाचं रान आणि मग डोंगर. हे डोंगर हिमालयाच्या बैठकीत गेले तर त्यांना सतरंजीच्या कडेलाही जागा मिळायची नाही. पण पस्तिशीच्या गाडीला उंची मीटरमध्ये कळत नाही, तिला चढ कळतो. निर्मलच्या अलीकडचा महबूब घाट, आसिफाबादच्या वाटेवरचा केरामेरीचा घाट, आणि सीमेपलीकडे माहूरचा गड. तिघांनी मिळून आमच्याकडच्या जितक्या क्लच प्लेटा खाल्ल्या तितक्या पामीरनंही खाल्ल्या नसतील. २०१६ साली जिल्ह्याचे चार तुकडे झाले तेव्हा घाटांचीही वाटणी झाली. महबूब घाट निर्मल जिल्ह्यात गेला, केरामेरीचा कोमरम भीम आसिफाबादमध्ये गेला. आमच्या वाट्याला गाड्या राहिल्या.

त्यातली एक आमच्या मामांची. प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, नव्वदच्या आसपासची. तिच्यावर अजून एपी ०१ ही पाटी आहे. आंध्र प्रदेशानं जिल्ह्यांना वर्णानुक्रमे आकडे दिले तेव्हा आदिलाबाद पहिलं आलं. आम्ही पहिले आलो ती ही एवढीच यादी. पुढे २०१४ साली टीएस ०१ झालं, २०२४ मध्ये टीजी ०१ झालं. मामांनी दोन्ही वेळा पाटी बदलायला नकार दिला. "राज्य बदललं म्हणून गाडीनं का नाव बदलावं? तिचं काय लग्न झालंय?" असं ते विचारतात. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. त्या दिवशी मात्र गाडी पहाटेच एका चावीत सुरू होते. साहेब समोर आले की तिला अंगात कुठं काय दुखतं हे आठवतच नाही.

मंगोल रॅलीचा एक लिटरचा नियम ऐकून मामा अस्वस्थ झाले. पद्मिनीचं इंजिन १,०८९ सीसीचं. शेजाऱ्यांची जुनी मारुती ८०० नियमात आरामात बसत होती, कारण नावात आठशे असलं तरी ती मुळात ७९६ सीसीचीच. शेजाऱ्यांनी हे कुंपणावरून दोनदा ऐकवलं. मामा रात्रभर विचार करत होते. सकाळी दात घासता घासता म्हणाले, "आपले चारपैकी तीनच सिलिंडर चालतात ना? मग झाले की आठशे सतरा!"

मामांच्या मते मोडक्या गाड्यांच्या बाजूनं इतिहासही उभा आहे. १९६८ साली लंडन ते सिडनी अशी एक मॅरेथॉन झाली. ९८ गाड्या निघाल्या. अफगाणिस्तानातले घाट, मग दिल्ली, आणि तिथून मुंबई. मुंबईत गाड्या चुसान नावाच्या जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियाला नेल्या. भल्याभल्या गाड्या वाटेत मोडल्या, आणि शेवटी जिंकली हिलमन हंटर, म्हणजे तिकडे बाजारहाट करायला नेतात तसली साधी घरगुती गाडी. मामा हा दाखला दर घाटात देतात. गाडी बंद पडलेली असते, त्यामुळे ऐकण्यावाचून इलाज नसतो.

महबूब घाट सहाव्या निजामाच्या, मीर महबूब अली खानांच्या नावाचा. त्यावरून पूर्वी वाराणसी-कन्याकुमारी हा सात नंबरचा हमरस्ता जायचा. आता नंबर ४४ झालाय आणि श्रीनगर ते कन्याकुमारी हा देशातला सगळ्यांत लांब राष्ट्रीय महामार्ग आहे. चौपदरी रस्त्यामुळे घाटाचा जुना दरारा राहिला नाही. नव्या गाडीतली माणसं घाट कधी आला आणि कधी गेला हे विचारतात. आमच्या गाडीतल्यांना विचारावं लागत नाही.

मे महिना धरा. पारा ४४ वर. चढ लागतो तसे मामा स्टिअरिंगच्या बाजूचा दांडा खेचून गिअर दुसरा, मग पहिला करतात. गाडी गुरगुरत वर सरकते. वेग इतका की बाजूनं चालणारी म्हैस आधी शर्यत लावते, मग कंटाळून मागे राहते. वेग नाही म्हणून समोरून वारा नाही, वजन ओढायचं म्हणून इंजिन तापतं, काटा लाल पट्ट्याकडे झुकतो. तेवढ्यात गाडी दोन आचके देते आणि गप्प होते. नवख्याला वाटतं पेट्रोल संपलं. संपलेलं नसतं. उन्हानं आणि इंजिनाच्या धगीनं पेट्रोलची नळीतच वाफ झालेली असते, आणि पंप बिचारा वाफ ओढत बसतो. याला औषध एकच. फडका ओला करायचा, पेट्रोल पंपाच्या त्या वाटीएवढ्या डब्याला गुंडाळायचा आणि निमूट थांबायचं. मामांच्या गाडीत यासाठी मामींच्या जुन्या सुती लुगड्याचे तुकडे घडी घालून ठेवलेले असतात. मामी म्हणतात, "माझी लुगडी माझ्यापेक्षा हिच्याच अंगाला जास्त लागली."

एकूण या गाडीचा किराणा फार. रेडिएटर पाझरायला लागलं तर हळद टाकायची, ती जाऊन भोकात बसते. टाकीला चीर गेली तर कपड्याचा साबण घासून लावायचा, पेट्रोलला साबण विरघळवता येत नाही. पट्टा तुटला तर सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून गाठ मारायची आणि देवाचं नाव घेत पुढचं गाव गाठायचं. एकदा एका लग्नाला जाताना आहेराच्या पिशवीतली हळद रेडिएटरमध्ये गेली. गाडी वेळेवर पोचली. नवरीच्या आईनं हळदीची चौकशी केली तेव्हा मामांनी बोनेटकडे बोट दाखवलं.

आता दानाचा हिशेब लावा. घाटात चिटपाखरू दिसत नसतं. बोनेट वर केलं की दहा मिनिटांत माणसं जमतात. पहिल्यांदा येतो बकऱ्या चारणारा मुलगा. तो काही बोलत नाही, फक्त चाकामागे एक दगड आणून ठेवतो, कारण हँडब्रेकवर त्याचाही विश्वास नसतो. मग मोटारसायकलवरून निर्मलला निघालेलं जोडपं. मग सागाच्या रानातून लाकूडफाटा घेऊन येणाऱ्या दोघी. त्यातली एक आपल्या बाटलीतलं पिण्याचं पाणी पुढे करते आणि मामा ते घेऊन रेडिएटरला पाजतात. झाकण तापलेलं असताना उघडू नये हे जमलेल्या प्रत्येकाला माहीत असतं, आणि तरी एक जण उघडायला जातोच. त्याला बाकीचे ओढून मागे घेतात. सल्ला तेलुगूत मिळतो, मराठीत मिळतो, दखनीत मिळतो आणि गोंडीतही मिळतो. चारही भाषांत तो एकच असतो. विकून टाका.

मग धक्का. धक्का हा सामुदायिक व्यवहार आहे आणि त्यात प्रत्येकाचं काम जन्मतःच ठरलेलं असतं. एक जण धक्का देत नाही, हुकूम देतो. "हां, घ्या, जोर, अजून जोर!" त्याचा एक हात कमरेवर असतो. एक जण खराच ढकलतो. तो नेहमी सगळ्यांत बारका असतो आणि त्याची मान लाल होते. दोघे-तिघे डिकीवर तळवे टेकवून नुसते सोबत चालतात, तरी चेहऱ्यावर पूर्ण कष्ट असतात. एक म्हातारा सगळ्यांच्या सुटलेल्या चपला गोळा करत मागून येतो. आणि गाडीत बसलेला पाहुणा, ज्याला बीपी आहे म्हणून उतरवलेलं नसतं, तो आतल्या आत पुढे झुकतो, म्हणजे आपलंही वजन थोडं पुढे लागावं. चढावर धक्का देऊन गाडी सुरू होत नाही, तिला उताराकडे तोंड करून वळवावं लागतं. त्यामुळे आम्ही निर्मलला जायला निघालो की निम्मा वेळ आदिलाबादच्या दिशेनं जात असतो. उतारावर दुसरा गिअर, क्लच झटकन सोडला की गाडी खोकून जागी होते, निळा धूर काढते, आणि जमलेली सगळी मंडळी टाळ्या वाजवतात. आभार मानायला थांबता येत नाही, कारण थांबली तर पुन्हा बंद पडेल. मामा खिडकीतून हात हलवतात. धर्मादायाची पावतीसुद्धा देता येत नाही असा हा व्यवहार.

जानेवारीत हाच प्रयोग घरी होतो. थंडीच्या दिवसांत तेलंगणात सगळ्यांत गारठलेलं ठिकाण म्हणून आमच्या जिल्ह्याचं नाव हमखास येतं. पारा एक आकडी झाला की मामा चोक ओढून बसतात, सेल्फ दोनदा कण्हतो आणि गल्लीतली पोरं दप्तर ओट्यावर ठेवून येतात. पोरांना शाळेला उशीर होतो. मास्तर बाकावरचेच, त्यामुळे चालून जातं.

जीपची गोष्ट वेगळी. आदिलाबादहून मांडवी-सारखणीच्या बाजूनं माहूरला जाणाऱ्या कमांडर जीपा ज्यांनी पाहिल्या त्यांना मंगोल रॅलीचं कौतुक सांगू नये. ड्रायव्हर दारात तिरका बसलेला, त्याच्या उजव्या हाताला आणखी एक प्रवासी, म्हणजे गाडी नेमकी कोण चालवतंय हे समोरून येणाऱ्याला कळू नये. गिअरचा दांडा ज्याच्या दोन गुडघ्यांत सापडतो तो त्या दिवसापुरता कंपनीचा नोकर. "काका, जरा पाय... हां, आता मागं ओढा... आला दुसरा?" काका रेणुकामातेच्या दर्शनाला निघालेले असतात, गाडी चालवायला नाही. पण चढ लागेपर्यंत त्यांना क्लचचा आवाज ओळखता येतो आणि गडाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत ते न सांगता गिअर टाकायला लागतात. परत जाताना तेच ड्रायव्हरला सांगतात, "इथं दुसऱ्यात चालत नाही बाप्पा, पहिला घे."

इथं थोडं हसू बाजूला ठेवतो. घाट चढताना बंद पडलेली गाडी ही गंमत आहे. उतरताना न थांबणारी गाडी ही गंमत नाही. पेट्रोल-डिझेल वाचवायला न्यूट्रल करून घाट उतरणारे शूर आमच्याकडे पुष्कळ होते, आणि त्यातले सगळेच आज गोष्टी सांगायला उरलेले नाहीत. जुन्या गाड्यांचे ड्रमचे ब्रेक सतत दाबत राहिलं की तापतात, आणि तापले की पायाखाली पेडल असतं पण ब्रेक नसतो. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे उस्ताद लोकांचं वाक्य प्रत्येक घाटाच्या तोंडाशी पाटीवर लावायला हवं. आणि दहाच्या जीपमध्ये वीस माणसं कोंबणाऱ्याला शौकीन म्हणून सोडता कामा नये. मामा या बाबतीत कडक आहेत. त्यांच्या गाडीत काहीही नसेल, ब्रेक असतो. थांबण्याचा सरावही तिला सगळ्यांत जास्त आहे.

धर्मादायाची खरी मोहीम कुणाची म्हणाल तर मी मेस्राम कुळाचं नाव घेईन. इंद्रवेल्लीजवळच्या केसलापूरला पौष अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. जत्रेआधी मेस्राम कुळातले गोंड लोक गोदावरीचं पाणी आणायला निघतात, अनवाणी, डोंगर-रान तुडवत, गावोगाव मुक्काम करत, आणि त्या पाण्यानं देवाला अभिषेक होतो. कुळातली घरं बैलगाड्या जुंपून येतात. ना फॅन बेल्ट, ना रेडिएटर, ना नोंदणी. त्या दिवसांत मामांची गाडी केसलापूरच्या वाटेवर बंद पडली तर मागून येणारी बैलगाडी शांतपणे बाजूनं पुढे जाते. बैलसुद्धा वळून बघत नाहीत. मामांना हे लागतं.

मास्तरांच्या डोक्यात आता खूळ शिरलंय की आपणही एक आदिलाबाद रॅली काढावी. मार्गही त्यांनी आखलाय. आदिलाबादहून इंद्रवेल्ली, उटनूर, केरामेरीचा घाट, आणि तिथून जिवती तालुक्याच्या डोंगरावर. तिथं परमडोली, मुकदमगुडा वगैरे चौदा गावं अशी आहेत की त्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात. लोकांकडे दोन्हीकडची रेशन कार्डं, दोन्हीकडचं मतदान, दोन्हीकडचे सरपंच. मास्तर म्हणतात, शिक्का मारायचं ठाणं तिथंच ठेवू, एका फेरीत दोन शिक्के मिळतील. उस्तादांनी व्यावहारिक शंका काढली. गाडी तिथं बंद पडली तर कुठल्या राज्यात बंद पडली असं लिहायचं? यावर बाकावर अजून एकमत झालेलं नाही. सरकारांचंही झालेलं नाही म्हणतात.

बाकी अटींवर मात्र एकमत आहे. गाडी पंचवीस वर्षांच्या आतली नको. मागे मदतीची गाडी नको, कारण ती आधी बंद पडेल. वाटेत जितके धक्के घेतले तितके परतीच्या वाटेवर दुसऱ्यांना द्यायचे, आणि हुकूम देणाऱ्याचा धक्का मोजायचा नाही. वर्गणी कुणी कुणाला द्यायची यावर बराच खल झाला. शेवटी उस्ताद जीपखालून बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "साहेब लोक हजार पौंड देतात ना? मामांनी या पस्तीस वर्षांत मला किती दिले ते मी सांगतो."

हा आकडा मामींसमोर काढायचा नाही असं ठरलेलं आहे. पण एवढं खरं की उस्तादांचा थोरला पद्मिनीच्या कार्बोरेटरवर शाळा शिकला, क्लच प्लेटांवर इंजिनिअर झाला आणि आता हैदराबादेत विजेच्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात आहे. दिवाळीला आला की तो मामांच्या पाया पडतो. मामा आशीर्वाद देतात आणि लगेच विचारतात, "तुझ्या गाडीला धक्का मारून सुरू करता येतं का?" तो म्हणतो, "नाही मामा." मामा समाधानानं मान हलवतात आणि सोन पापडीचा डबा त्याच्याकडे सरकवतात.

मुंबईत पद्मिनी टॅक्सीचा शेवटचा दिवस ठरला तो २०२३ च्या ऑक्टोबर अखेरचा. २००३ साली नोंदलेली शेवटची टॅक्सी वीस वर्षं पुरी करून रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं, लोकांनी तिच्याबरोबर फोटो काढले. मामांनी ती बातमी कापून डॅशबोर्डावर चिकटवली. त्या दिवशी ते जेवले, पण उशिरा. संध्याकाळी बोनेट उघडून उभे राहिले आणि कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा बेतानं म्हणाले, "आपण आदिलाबादेत आहोत, घाबरायचं नाही."

तर मंडळी, नवरात्राची गर्दी ओसरली की माहूरचा फेरा ठरला आहे. दर्शन, दत्तशिखर, आणि जमलं तर संध्याकाळच्या आत परत. मामांच्या गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. वर्गणी नाही, पेट्रोल वाटून घेऊ. येताना पाण्याचा पाच लिटरचा कॅन, पावशेर हळद आणि धक्क्याला चालतील अशा पट्ट्याच्या चपला आणाव्यात. ज्यांच्या कमरेत गॅप आहे त्यांनी आधी कळवावं. त्यांना स्टिअरिंगवर बसवू.